चंद्रीवरून मारलेले चेंडू

चंद्रीच्या कासेला इजा झाली ती माझ्या हातून, वहिनीच्या नव्हे. आमच्या घरात ही गोष्ट कायम उलटी सांगितली गेली, आणि ती सांगितली जात असताना मी तिथंच बसून भाकरी मोडत होतो. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, अशी मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. तेही खरं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं, सगळ्यांसमोर, माझ्याकडं बघून. मी मान हलवून नाही म्हटलं होतं.

चंद्री म्हणजे आमची म्हैस. आमचं घर कळंब्याच्या वाटेला, पुढं दोन खोल्या आणि मागं मोठं परडं. परड्यात पत्र्याचा गोठा, कडब्याची गंज, शेणाचा ढीग आणि एक कडुनिंब. दुपारी म्हशी कडुनिंबाखाली बांधलेल्या असत. आबांचा धंदा दुधाचा, पण घरोघरी रतीब घालण्याचा नव्हे. संध्याकाळी म्हशी धुऊन, शिंगांना तेल लावून चौकातल्या कट्ट्यावर न्यायच्या, तिथं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ कोमट दुधाचा पेला त्याच्या हातात द्यायचा. तालमीतली पोरं, दुकान बंद करून आलेले व्यापारी, लेकराला खांद्यावर घेतलेले बाप, सगळे उभ्यानंच दूध प्यायचे आणि मिशा पुसत म्हशीचं कौतुक करायचे. आबांची सगळी पत त्या कौतुकावर होती. त्यातही चंद्रीवर. तिच्या दुधाला इतका फेस यायचा, की पेला भरला असं वाटायचं आणि फेस खाली बसल्यावर पुन्हा ओतावं लागायचं.

संध्याकाळची धार कट्ट्यावर दादा काढायचा. सकाळची धार घरात बाईमाणूस काढायचं. आमच्या घरात याचा एक रिवाज होता. सासूनं सुनेला किल्ल्या द्यायच्या नाहीत, दागिने द्यायचे नाहीत, चरवी द्यायची. धार काढायची ती पितळेची चरवी हळदीकुंकू लावून सुनेच्या हातात दिली, की ती सून घरची झाली. आजीनं आईला चरवी दिली ती लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी. शोभावहिनीला आईनं ती पहिल्याच वर्षी दिली. वहिनी शिरोळची. माहेरी ऊस आणि म्हशी, त्यामुळं हात तयार. मी अंथरुणात पडून ऐकायचो. मोकळ्या चरवीच्या बुडाला पहिली धार टण्णकन वाजायची, मग आवाज भरत जायचा, जाड व्हायचा, शेवटी नुसता सू सू फेसात बुडायचा. आईची धार वेगळी वाजायची, थांबत थांबत. वहिनीची एका लयीत. आबा चूळ भरता भरता म्हणायचे, "सून करावी तर धार ऐकून करावी." हे ते वहिनीला म्हणायचे नाहीत. सुनेशी थेट बोलायची पद्धत नव्हती. ते कडुनिंबाला म्हणायचे आणि वहिनीला ऐकू जायचं.

आता गोल्फचं सांगतो. माळावरच्या गोल्फच्या मैदानात जे स्वयंपाकघर होतं, तिथं आमचं सकाळचं दूध जायचं. कॅन सायकलला लावून मीच न्यायचो. तिथले साळोखे सर लष्करातून निवृत्त होऊन आले होते आणि चार पोरांना फुकट शिकवायचे. त्यांनी एकदा मला हरवलेला चेंडू फेकून परत देताना बघितलं आणि म्हणाले, "हात बरा हाय तुजा. कॅन ठेव, हिकडं ये." तेव्हापासून मी गोल्फचा झालो. लांबचे फटके मला पटकन आले. गोठ्यातलं खोऱ्या-पाटीचं अंग, त्यामुळं चेंडू लांब जायचा. अडायचं ते जवळ आल्यावर.

ज्या भोकात चेंडू घालायचा तिथला झेंडा जवळ असतो, पण मध्ये वाळूचा खड्डा असतो. चेंडू नुसता पलीकडं जाऊन चालत नाही, तो उंच चढून सरळ खाली उतरला पाहिजे आणि उतरला तिथं बसला पाहिजे. त्यासाठी गोल्फच्या काठीचं खालचं पातं आभाळाकडं उघडं धरायचं आणि चेंडूच्या खालून सरकवायचं. अंतर थोडं, तरी हात मात्र मोठा फिरवायचा. भीती इथंच वाटते. एवढ्या जवळ एवढ्या जोरात कसं मारायचं, असं वाटून हात मध्येच आखडतो. तो आखडला की पात्याची धार चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू वर न चढता जमिनीलगत गोळीसारखा सुटतो. माझा प्रत्येक चेंडू असाच सुटायचा. सर म्हणायचे, "काय लगा, ससं मारायलास व्हय? तू चेंडूला उचलायला जातोस. उचलायचं काम काठीचं. तुजं काम न थांबायचं."

पुण्याला निवड स्पर्धा होती. सर म्हणाले होते, निवड झाली तर पुण्यातल्या एका संस्थेत राहून खेळता येईल, शिक्षणही होईल. पण तिथली ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक हिरवळ, उंचावर असते, खड्डे खोल असतात, हा फटका आला नाही तर ते मला नेणार नाहीत. मला पुण्याला जायचं होतं हे म्हणणं फार थोडं होईल. मला शेणाच्या वासातून उठायचं होतं. शाळेत पोरं मला 'रतीब' म्हणायची. रात्री डोळे मिटले की तोच जमिनीलगत सुटणारा चेंडू दिसायचा. आई खर्डा-भाकरी आणि सायीचं दही पुढं ठेवायची आणि मी भाकरीचा तुकडा हातात घेऊन मनगट फिरवत बसायचो. दादा म्हणायचा, "आरं, भाकरी हाय ती, काठी न्हवं." आबांची एकच अट होती. गोठ्याचं काम चुकता कामा नये, आणि परड्यात जनावरांजवळ चेंडू मारता कामा नये. "एक जरी चेंडू जनावराकडं गेला, तर काठ्या चुलीत घालीन," असं ते म्हणाले होते, आणि आबा म्हणाले ते करायचे.

सरांनी एक उपाय सांगितला. समोर दोरी बांध, तिच्यावर जुनी चादर वाळत घाल आणि चादरीवरून पलीकडच्या ओल्या पोत्यावर चेंडू उतरव. मी तसं केलं. शेणाच्या ढिगामागं, गोठ्यापासून दूर. पण चादरीला चेंडू लागला तर काय होणार? चादर हलायची आणि चेंडू पडायचा. भीतीच नव्हती, त्यामुळं हात भीतीवर मात करायला शिकत नव्हता. हे माझं शहाणपण. स्पर्धेला दोनच महिने उरले होते. मी विचार केला, ज्याला चेंडू लागून अजिबात चालणार नाही असं काहीतरी समोर पाहिजे. आमच्या घरात तशी एकच गोष्ट होती.

दुपारची वेळ. आबा आणि दादा पेंड आणायला गेले होते, आई देवळात, वहिनी आत लवंडलेली. जवळच्या कळंबा तुरुंगाचा तासाचा टोल नुकताच पडून गेला होता. कडुनिंबाखाली चंद्री उभ्यानंच रवंथ करत होती. मी तिच्या पलीकडं ओलं पोतं अंथरलं, अलीकडं मागच्या बाजूला जरा तिरका उभा राहिलो आणि तिच्या पाठीवरून चेंडू मारला. तो उंच गेला. कडुनिंबाच्या फांदीला स्पर्श न करता वर चढला, वर थांबल्यासारखा झाला आणि पोत्यावर भद्दकन उतरून तिथंच बसला. मी दुसरा मारला. तोही. मला रडू यायला लागलं, इतका आनंद झाला. किती मारले ते आठवत नाही, सगळे उतरत होते. चंद्री शेपटीनं माश्या वारत होती. मग आत एक भांडं वाजलं. वहिनी उठली असणार. फिरत्या काठीतच माझं मन तिकडं गेलं आणि हात आखडला.

चेंडू जमिनीलगत गेला आणि चंद्रीच्या मागच्या पायांच्या फटीतून सरळ कासेवर बसला. तो आवाज ओल्या कपड्यावर थाप मारल्यासारखा होता. चंद्री हंबरली नाही. तिनं चारी पाय एकदम उचलल्यासारखं केलं, दावं ताणलं आणि थरथरत उभी राहिली. मी चेंडू खिशात टाकले, पोतं उचललं, काठी कडब्यात खुपसली. कासेवर हात ठेवायला गेलो तर तिनं पाय झाडला. वहिनी दारात आली होती. म्हणाली, "काय झालं वं भावजी? चंद्री का हललीया?" मी म्हटलं, "गोचीड चावला असंल."

त्या संध्याकाळी कट्ट्यावर पेले विसळायला मीच होतो. दादानं चंद्रीला पुढं बांधलं, मांडीत बादली धरली आणि सडाला हात लावला. चंद्रीनं लाथ मारली. बादली उडाली, दादा शेणात बसला. लोक हसले. दादानं चुचकारून पुन्हा हात लावला आणि कशीबशी धार आली. पेला भरून आबांनी पुढं केला. तालमीतला एक वस्ताद होता, त्यानं पेला दिव्याकडं धरला. फेसात लाल दोरा होता. तो म्हणाला, "आबा, आजपास्नं रंगीत दूध काढायलासा काय?" या खेपेला कुणी हसलं नाही. लोकांनी हातातले पेले खाली ठेवले. आबांनी म्हशी सोडल्या. चौकातून घरापर्यंत ते चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून चालत आले.

दुसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली होती. डॉक्टर आले, दाबून बघितलं, म्हणाले, "मार बसलाय. न्हाईतर धार काढताना सड जोरात वढलाय." मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "का रं, काय लागलं-बिगलं का हिला? तू असतोस परड्यात." मी नाही म्हटलं. आबा उभे होते. कडब्यातून काठीची मूठ दिसत होती, ती फक्त मला दिसत होती. "मग वढल्यालाच हाय," डॉक्टर म्हणाले आणि सुई भरायला लागले. आदल्या सकाळची धार कुणी काढली होती, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. आबा कडुनिंबाकडं बघून म्हणाले, "नखं वाढवून म्हशीखाली बसायचं नसतं, एवढं तरी माहेरी शिकवाय पायजे हुतं." वहिनीनं दोन्ही हात पदरात घेतले. तिची नखं वाढलेली नव्हती. मला माहीत होतं, कारण तीच रोज माझ्या ताटात भाकरी वाढायची.

आईनं चरवी काढून घेतली. भांडणबिंडण काही केलं नाही, आणि तेच वाईट. सकाळी वहिनी उठून गोठ्याकडं निघाली, तर आई तिच्या आधी उठून चरवी घेऊन म्हशीखाली बसली होती. म्हणाली, "तू चुलीकडं बघ." एवढंच. मी अंथरुणात होतो. धार वाजायला लागली, थांबत थांबत. वहिनी दारातच उभी असणार, कारण पुढं तिच्या पावलांचा आवाज आला नाही. पुढं तिला महिनाभर शिरोळला पाठवलं. दादा तिला एसटीत बसवून आला. चंद्रीचा तो सड कायमचा गेला. कट्ट्यावर तिचं नाव संपलं आणि जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यानं तिला नेलं. टेम्पोत चढवताना ती चढेना, तेव्हा आबांनी मला हाक मारली, की तुझ्या मागनं येती, तू पुढं हो. ती आली माझ्या मागून.

या सगळ्या दिवसांत मी रोज ठरवायचो की आज सांगायचं. कधी आबा जेवत असायचे, कधी दादा चिडलेला असायचा. पुण्याहून आल्यावर सांगू, मग काठ्या चुलीत गेल्या तरी जाऊ देत, असं मी शेवटी ठरवलं. आणि पुण्याला माझा चेंडू खोल खड्ड्याअलीकडं पडला, झेंडा अगदी जवळ, आणि मी तो फटका मारला. सर पुढं कित्येक वर्षं त्या फटक्याचं वर्णन करायचे. चेंडू वर गेला तेव्हा मला त्याच्याखाली खड्डा दिसला नाही, चंद्रीची पाठ दिसली. हात थांबला नाही, कारण थांबल्यावर काय होतं हे माझ्याइतकं त्या मैदानात कुणालाच माहीत नव्हतं. माझी निवड झाली. घरी आलो तर वहिनी माहेरून परत आली होती आणि तिनं दारात मला ओवाळलं. तबक तिच्या हातात, नखं बोटांच्या मांसापर्यंत कापलेली. "लई मोठं व्हा भावजी," म्हणाली. मी तिच्या पाया पडलो. सगळ्यांना वाटलं, पोरगं गुणाचं आहे.

मी फार मोठा झालो नाही. पुण्यात एका मैदानावर मुलांना शिकवतो आणि गंमत अशी, की लोक माझ्याकडं मुलांना पाठवतात ते हाच फटका शिकायला. एखाद्याचा चेंडू जमिनीलगत सुटला की अजूनही मी आधी बघतो, पलीकडं कोण उभं आहे. आबा गेले. गोठा मोडला, म्हशी गेल्या, परड्यात दादानं घर वाढवलं. वहिनीनं पुन्हा कधी धार काढली नाही. मी सुट्टीला जायचो, तिच्या हातचं जेवायचो, तिच्या मुलांना खाऊ न्यायचो, जरा जास्तच न्यायचो. आणि परत यायचो.

गेल्या उन्हाळ्यात दादाच्या मुलीनं, प्राजूनं, उरल्या परड्यात पुन्हा गोठा घातला. शिकलेली मुलगी, कर्ज, अनुदान, धार काढायचं मशीन, सगळं रीतसर. मी तेव्हा तिथंच होतो. संध्याकाळी वीज गेली ती येईचना. मशीन बंद. नुकतीच व्यालेली एक म्हैस कासेच्या ताणानं ओरडायला लागली, पाय बदलायला लागली. प्राजूला हातानं जमेना, दादाची बोटं संधिवातानं वाकडी. प्राजू आत येऊन म्हणाली, "आई, तू चल की. पपा म्हणत्यात तुला येतंय."

वहिनी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला न्हाई यायचं."

"आगं, म्हस मरायलीया ओरडून."

"शेजारच्या कुणाला तरी बोलीव. माझा हात नगं. माझ्या हातानं एक म्हस गेलीया ह्या घरातनं. अजून एक नगं."

तिनं हे कुणाला टोचायला म्हटलं नव्हतं. तिला ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की तिच्यावर खोटा आळ आला आणि तिनं तो गिळला. आपण निर्दोष आहोत हे निदान तिला तरी माहीत असेल, असं मी धरून चाललो होतो. तिनं तो आळ खरा मानला होता. चंद्रीला आपणच निकामी केलं, असं समजून ती त्या घरात म्हातारी होत आली होती.

मी म्हटलं, "वहिनी, चंद्रीला तुमचा हात लागला न्हवता. माझा चेंडू लागला हुता." आणि मग सगळं सांगितलं. पोतं, कडुनिंब, भांड्याचा आवाज, डॉक्टर. दादा दारात येऊन उभा राहिला होता. बाहेर म्हैस ओरडत होती.

वहिनीनं लसणाची पाकळी ताटात ठेवली. मग म्हणाली, "तवा तुमी नववीत हुतासा."

"व्हय."

"तवाचं सोडा. पोर हुतासा. पर त्यानंतर तुमचं लगीन झालं, पोरं झाली, केस पिकलं. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलासा की भावजी. एकदा बी घास आडकला न्हाई?"

"आडकला," मी म्हटलं. "तरी जेवलो."

दादा काहीतरी बोलायला गेला, तिनं हातानं गप्प केलं. "मला सांगून काय उपेग? माझा हात वाईट म्हणून पयल्यांदा मी म्हटलं न्हवतं. मामंजी तर गेलं. आत्ती हायत अजून. त्यास्नी सांगा. माझ्यादेखत."

आई ओसरीवर खुर्चीत बसली होती. तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही, आणि ऐकण्याचं यंत्र ती कानात घालत नाही. मी तिच्या पायाशी बसून सांगितलं. ती म्हणाली, "आं?" मी मोठ्यानं सांगितलं. "काय चंद्री? चंद्रीचं काय?" माझ्यामागं वहिनी उभी होती, हात पदराबाहेर. शेजारच्या माडीवर दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या. मी उठून उभा राहिलो आणि माळावर हाक मारावी तशा आवाजात ओरडलो, "आई, चंद्रीच्या कासंला चेंडू मी मारलता. वहिनीनं काय केलं न्हवतं. मी खोटं बोललो."

आईच्या ओठांवरून दिसलं, या खेपेला तिच्यापर्यंत पोचलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग माझ्या पलीकडं सुनेकडं. मी मागं वळलो. आता ओरडायची गरज नव्हती, पण आवाज खाली यायला तयार होईना, म्हणून तोही सगळ्या आळीनं ऐकला.

"वहिनी, माझं चुकलं. तवाबी चुकलं आणि त्यानंतर रोज चुकलं. मला माफ करा."